कणकण म्हणजे ताप नाही

पंचवीस किलोमीटरची अट उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावरच्या एका मुलाचा फोन आला. मेलबर्नचं ते लांबलेलं लॉकडाऊन सुटत होतं आणि आता शहराबाहेर जायला हरकत नव्हती.

“दादा, तुम्ही आता फिशिंगला जाणार असाल ना? बाबांना न्याल का बरोबर? घरात बसून नुसते कुढतायत.”

“तू पण चल की.”

“मी नको. त्यांच्याबरोबर एका गाडीत म्हणजे... नकोच. तुम्ही न्या.”

तो माझ्या शिफ्टवर पॅकिंग लाइनला होता. स्टुडंट म्हणून आला, शिकला कुकरी, आणि डँडेनॉन्गच्या आमच्या कारखान्यात तयार जेवणाचे डबे भरता भरता पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी झाला. कामावर मला सर म्हणायचा, बाहेर दादा. त्याचे वडील देवगडकडचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. नातीच्या जन्मासाठी फेब्रुवारीत तीन महिने म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. गुडघ्यांमुळे काकू आल्याच नव्हत्या. त्या गावी एकट्या होत्या.

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. त्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, काका अकरा दिवस हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. आजार आपण घरात आणला असं त्यांचा मुलगा धरून बसला होता. घरात त्याने आणला हे खरं, पण त्याच्याकडे तो कुठून आला असावा हे मला ठाऊक होतं. मला आणि बोलायची भीती वाटणाऱ्या आणखी एका बाईला. चार महिने मी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्या दुपारीही सांगायचा माझा विचार नव्हता. म्हाताऱ्याला एक चांगली दुपार द्यावी, म्हणजे माझं मन थोडं हलकं होईल, इतकाच माझा बेत होता. आज तो लिहिताना लाज वाटते.

काय झालं ते आधी सांगून टाकतो.

जुलैतला सोमवार होता. शिफ्ट सुरू होण्याआधी दाराशी उभं राहून प्रत्येकाला प्रश्न विचारायचे आणि फॉर्मवर खुणा करायच्या हे शिफ्ट सुपरवायझर म्हणून माझं काम होतं. ताप आहे का, थंडी वाजते का, घसा, खोकला, वास येतो का. इंग्रजीत विचारायचं, पण आपली माणसं असली की मी मराठीत विचारायचो, त्यांना बरं वाटायचं. लाइनवर नागपूरकडची एक बाई होती. ती म्हणाली, “सर, जरा कणकण वाटतेय.”

“ताप आहे?”

“ताप नाही. नुसती कणकण. झोप नाही झाली ना रात्री.”

कपाळावर यंत्र धरलं, आकडा ठीक आला. त्या दिवशी लाइनवर आधीच चौघं कमी होती. आणखी एक गेलं असतं तर लाइन बंद ठेवावी लागली असती आणि मला वर उत्तर द्यावं लागलं असतं. शिवाय ती कॅज्युअल होती, शिफ्ट बुडाली की पगार बुडाला, त्यामुळे मी नाही म्हणू नये असं तिलाही वाटत होतं. मी म्हणालो, “कणकण म्हणजे काही ताप नाही,” आणि फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ केलं. आपण तिच्यावर उपकारच करतोय असंही मला वाटलं होतं. आठ तास ती लाइनवर उभी राहिली. तिच्या समोर, बेल्टच्या पलीकडे, काकांचा हा मुलगा होता.

गुरुवारी त्याला ताप भरला. शुक्रवारी तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. पाठोपाठ लाइनवरची आणखी दोघं. सरकारी माणसांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, ह्याच्याआधी कुणी काही लक्षण सांगितलं होतं का? मी म्हणालो, फॉर्म बघा, कुणीही नाही. बाईनेही तेच सांगितलं, कारण मी तेच लिहिलं होतं. मग तारखा लावल्या गेल्या आणि कागदावर तो पहिला ठरला. लाइनवर आजार आणणारा तो, बाकी सगळ्यांना त्याच्याकडून लागलेला.

त्यातून आदल्या शनिवारी तो फॉस्टर स्ट्रीटवरच्या देशी दुकानात जाऊन फ्रोझन बांगडे घेऊन आला होता. बाबांना बरेच दिवस खावेसे वाटत होते म्हणून. दुकानाबाहेर अर्धा तास रांगेत उभा होता, आणि नंतर त्या दुकानातही एक केस निघाली. सगळं चपखल बसलं. बरा होऊन कामावर आला तेव्हा लाइनवर त्याचं नाव पडलं होतं, मॅकरेल, म्हणजे बांगडा. म्हणणारे मजेत म्हणायचे. तोही हसायचा.

ती बाई बरी झाली आणि पुढे ॲडलेडला निघून गेली. फॉर्म तसाच राहिला.

ठरल्याप्रमाणे शनिवारी अकराला मी त्यांच्या घरी गेलो. काका गेटशी तयार उभे होते, मुलाचे गमबूट घालून, डोक्यावर कानटोपी. मुलगा गॅरेजच्या दारात, मास्क लावून. चार महिने तो त्या गॅरेजमध्येच झोपत होता. जेवणाचं ताटही तिथेच न्यायचा. डॉक्टरने कधीच सांगितलं होतं की आता धोका नाही, तरी तो बाबांच्या जवळ यायचा नाही.

“पाण्यात जाऊ नका खोल,” तो लांबूनच म्हणाला.

“आईस सांग तुझ्या,” काका म्हणाले. “मी खाडीत पोहलोय तेव्हा तू नव्हतास.”

गाडीत नियम म्हणून मास्क, काचा खाली, आणि काका मागच्या सीटवर. बसल्या बसल्या त्यांनी दारावर दोनदा टकटक केलं.

“चल पुणेकर. डबल बेल.” मी पुण्याचा, म्हणून ते मला तसं म्हणायचे.

पॅकेनहॅमच्या पुढे घरं संपली आणि ते बोलू लागले. डेपोतले किस्से, आंब्याचे भाव, काकू व्हिडिओ कॉलमध्ये नेहमी आपलं कपाळच कशा दाखवतात ते. पुढे डोंगर लागले आणि रस्ता वळणावळणाचा झाला तसं म्हणाले, “ह्याला घाट म्हणतात का इकडे? आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला शिकवायला असा रस्ता द्यायचे.” मी हसलो. दुपार चांगली जाणार असं मला वाटू लागलं.

नूजी नावाचं लहानसं गाव आहे, त्याच्या पुढे टूरोंगो नदी. नदी म्हणायची, पण बऱ्याच ठिकाणी घोट्याएवढं ते गुडघ्याएवढं पाणी. तळाशी तपकिरी गोटे, दोन्ही बाजूंना झाडाएवढे नेचे आणि त्यांच्या मागे सरळसोट उंच गम, म्हणजे निलगिरीची झाडं. ट्राउट जातीच्या मासळ्या इथे कुणी बाहेरून आणून सोडत नाही, त्या नदीतच जन्मलेल्या असतात. मोठ्या नसतात, फार तर वीतभर किंवा त्याहून थोड्या लांब, पण भारी सावध. एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने मला पहिल्यांदा तिथे नेलं होतं, त्याला दहा वर्षं झाली. मी घरचा शाकाहारी. मासा धरायचा, बघायचा आणि सोडायचा, एवढंच मी करतो.

“मला लायसन नको?” काकांनी विचारलं.

“सत्तरीच्या पुढे लागत नाही.”

“बरोबर आहे. हा माणूस असून नसून सारखाच.”

मी त्यांना हलका रॉड दिला, बोटभर जाडीचा, जेमतेम शंभर ग्रॅमचा. त्याला दोऱ्यासारखी बारीक लाइन आणि टोकाला नखाएवढं चकचकीत पातं असलेला स्पिनर. हुकांचे उलटे काटे मी आधीच पक्कडीने दाबून ठेवले होते, म्हणजे माशाला सोडवताना जखम होत नाही. काकांनी तो स्पिनर तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.

“आमिष कुठे आहे?”

“हेच आमिष.”

“हा पत्रा?”

“पाण्यातून ओढला की पातं फिरतं. माशाला वाटतं छोटा मासा पळतोय.”

“म्हणजे गरीवर काहीच नाही. नुसती फसवणूक.” त्यांनी मान हलवली. “आम्ही कोळंबी तरी द्यायचो बिचाऱ्याला.”

त्यांच्याकडे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि गळाला गरी. डेपोतून सुट्टी मिळाली की खाडीवर गरवायला जायचे, वेळूची काठी घेऊन. रीळ त्यांनी हाताळलं नव्हतं. पहिले दोन फटके मागच्या झाडीत गेले. मी सोडवून आणले. तिसरा पाण्यात, पण दोरीचा गुंता झाला. मी सांगितलं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं, आणि पाणी ज्या वेगाने खाली येतं त्यापेक्षा जरा वेगाने गुंडाळायचं. हळू झालं तर पातं फिरत नाही, घाई केली तर मासा नाद सोडतो.

“चालत्या एसटीत चढायचं म्हण की,” ते म्हणाले. अर्ध्या तासात त्यांना ते जमू लागलं.

पहिला मासा माझ्या रॉडला लागला. एका बुडालेल्या ओंडक्याजवळून स्पिनर येत होता तेवढ्यात पाण्यात पिवळसर काहीतरी वळलं आणि रॉड वाकला. लहानच होता. अंगावर लाल ठिपके, पोट लोण्यासारखं. मी हात ओले केले, हूक काढला आणि तो पाण्यात धरून ठेवला. दोन-तीन वेळा कल्ले हलवून तो निघून गेला.

काका काठावरून बघत होते.

“सोडलास?”

“मी नेहमी सोडतो.”

“मग धरलास कशाला?”

मी म्हणालो, गंमत असते, आणि नदीत मासे राहिले पाहिजेत.

“नदीत राहायला हवेत तर घरी बस. तोंडाला भोक पाडायचं, हातात घेऊन कौतुक करायचं, आणि मग जा बाबा म्हणायचं.” ते रागावले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “आम्ही मारतो, पण खातो. तुम्ही मारतही नाही, खातही नाही, त्याला त्रास मात्र देता. आणि सोडला की पाप फिटलं.”

त्यांना जे म्हणायचं होतं ते माशाबद्दलच होतं, पण मला ते लागलं.

आम्ही वर चालत गेलो. गोट्यांवरून त्यांचा हात धरून न्यावं लागेल असं मला वाटलं होतं, पण तेच पुढे होते. मध्ये थांबून श्वास घ्यायचे, छातीवर हात ठेवून, आणि मी बघत नाही ना ते बघायचे. मला दिसत होतं. आजाराआधी ते रोज पहाटे डँडेनॉन्ग क्रीकच्या काठाने तासभर चालायचे, असं त्यांच्या सुनेने मला एकदा सांगितलं होतं. त्या प्रत्येक थांबण्यात माझा वाटा होता.

एका वळणावर त्यांनी मला थांबवलं.

“तो धोंडा बघ. त्याच्या मागे पाणी विसावा घेतंय. तिथे असणार तो.”

मी म्हणालो, टाका. त्यांनी धोंड्याच्या वर टाकलं, दोन फुटांवर. गुंडाळत आणलं. दुसऱ्यांदा टाकलं ते अगदी धोंड्याला घासून, आणि रॉडचं टोक एकदम खाली गेलं.

“गावलो, मासो गावलो,” ते म्हणाले, आपल्याशीच बोलल्यासारखं हळू.

रीळ करकरत होतं. मी सांगायला गेलो की रॉड वर धरा, पण त्यांना सांगायची गरज नव्हती. मासा ओढेल तेव्हा त्याला जाऊ द्यायचं, थांबेल तेव्हा घ्यायचं, हे हातांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. तीन-चार मिनिटांनी तो दगडांच्या मधल्या उथळ पाण्यात आला. फूटभर असेल, मी त्या नदीत पाहिलेल्या चांगल्यांपैकी एक. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि नाकाशी नेला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग खाली धरला.

“काही नाही,” म्हणाले. “पाण्याचाही वास नाही.”

हॉस्पिटलमधून आल्यापासून त्यांना वास नव्हता आणि चवही नव्हती, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, “काका, हा ठेवूया. तुमचा आहे. नियमात बसतो. चव नसली तरी घरी सगळ्यांना होईल.”

“नको. मी मासा सोडलाय.”

मला वाटलं मघाच्या गोष्टीवरून चिमटा काढतायत. पण त्यांनी हात पाण्यात बुडवले, हूक काढला, आणि मी केलं होतं तसंच त्याला धरून ठेवलं, तो आपणहून जाईपर्यंत. मग एका दगडावर बसले.

“खायचा सोडलाय,” म्हणाले. “हॉस्पिटलात होतो तेव्हा. गावच्या रवळनाथाला सांगितलं, आता जन्मात मासा खाणार नाही, फक्त माझ्या पोराचं मन पूर्वीसारखं कर.”

“पण का?”

“का काय? बांगडे कोणी मागितले होते? तो नको म्हणत होता. म्हणाला, बाबा, केसेस वाढतायत, नंतर आणू. मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. ह्या वयात. माझ्या जिभेपायी तो रांगेत उभा राहिला, आणि आता पोरगा गॅरेजात राहतो. माझ्याकडे बघत नाही. त्याला वाटतं त्याने मला मारलं असतं. मी किती सांगितलं, अरे, खाणारा मी. ऐकत नाही.”

ते हे अगदी साधेपणाने बोलले, डेपोतलं काहीतरी सांगावं तसं. बोलताना गमबुटातलं पाणी ओतत होते.

मुलगा स्वतःला दोष देतो हे मी चार महिने बघत होतो आणि त्याचीही मी सवय करून घेतली होती. तरुण आहे, विसरेल, असं मी स्वतःला सांगायचो. पण बहात्तर वर्षांचा माणूस त्याच नसलेल्या दोषासाठी देवाला नवस करून बसलाय, हे मला ठाऊक नव्हतं. एकाच खोट्या नोंदीने बाप आणि मुलगा दोघंही आपापल्या खोलीत अपराधी होऊन बसले होते. आणि मी त्यांना नदी दाखवायला आणलं होतं.

मी सांगितलं. कसं सुरू केलं ते आठवत नाही. उभ्यानेच बोलत होतो, पाण्यात, रॉड हातात. सोमवार, दार, फॉर्म, ती बाई काय म्हणाली आणि मी काय म्हणालो. नंतरचा फोन. मी म्हणालो, कुणाकडून कुणाला लागलं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण तो पहिला नव्हता. त्याच्याआधी तीन दिवस मला कळलं होतं.

संपल्यावर काका म्हणाले, “काय म्हणाली ती? पुन्हा सांग.”

“कणकण वाटतेय म्हणाली.”

“आमच्याकडे कसर म्हणतात.” त्यांनी बूट पायात घातला. “अंगात कसर आहे म्हटलं की आई गोधडी टाकून निजवायची. ताप आहे की नाही, असं कुणी विचारत नव्हतं.”

“फॉर्मवर तो शब्द नव्हता,” मी म्हणालो. म्हणताक्षणीच मला कळलं की हे खोटं आहे. फॉर्मवर ‘थंडी वाजते का’ होतं, ‘बरं वाटत नाही का’ होतं. शिकलेला माणूस आहे मी. तिने इंग्रजीत सांगितलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं. तिने आपल्या भाषेत सांगितलं म्हणून मला ते ऐकलं न ऐकलंसं करता आलं. हेही मी त्यांना सांगितलं.

“केव्हापासून ठाऊक आहे तुला?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मला डबा घेऊन भेटायला आलास. दोनदा.”

“हो.”

“आणि आज गाडीत बसवून आणलंस. हसत होतास.”

ते उठले, रॉड घेतला आणि वरच्या डोहाकडे निघाले. मी मागे जायला लागलो तसं त्यांनी वळून न बघता हात केला, थांब म्हणून.

मी त्या दगडावर बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, ऊन नदीवरून सरकून समोरच्या नेच्यांवर गेलं एवढा. वरून मधूनमधून रीळ गुंडाळल्याचा आवाज यायचा. ते मासे धरत नव्हते, नुसते टाकत होते आणि ओढत होते. मला एक विचित्र गोष्ट कबूल करायची आहे. त्या वेळात मला बरं वाटत होतं. भीती होती, लाज होती, पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि त्याचीही मला लाज वाटत होती.

ते परत आले तेव्हा चेहरा लाल झाला होता. चालण्याने की रडण्याने, मी विचारलं नाही.

“मला सांगितलंस,” म्हणाले. “बरं वाटलं?”

“नाही.”

“वाटलं. दिसतंय तोंडावर.” ते माझ्या समोर उभे राहिले. मास्क केव्हाच खिशात गेला होता. “माका सांगून काय उपेग? मी उद्या-परवा जाणारा माणूस. मी तुला शिव्या देईन, नाहीतर जाऊ दे म्हणेन, आणि तू सुटशील. ज्याचं नाव कागदावर आहे त्याला सांग. आजच. आणि कागद ज्यांनी केला त्यांनाही.”

“सांगतो.”

“मी सांगणार नाही तुझ्या वतीने.”

“नका सांगू. मीच सांगतो.”

“नोकरी जाईल तुझी?”

“माहीत नाही. जाऊ शकते.”

ते म्हणाले, “मघाशी मी तुला शिव्या देत होतो तिकडे. मालवणीत. भरपूर दिल्या. आता संपल्या. चल, पाय गारठले.”

गाडीशी आल्यावर त्यांनी मागचं दार उघडलं आणि बंद केलं, आणि पुढे येऊन बसले. मी त्यांच्याकडे बघितलं.

“मागे बसलो की डोंगरात मळमळतं,” ते म्हणाले.

वाटेत एकदाच बोलले. मी विचारलं होतं की आता नवसाचं काय.

“देवाला शब्द दिलाय. तो देवासमोर उभं राहूनच परत घ्यावा लागतो. ते माझं मी गावी जाऊन बघीन. त्यात तू पडू नको.”

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मुलगा गॅरेजच्या दारातच होता, दुपारी होता तिथेच, जणू हललाच नव्हता. काका उतरले आणि गेटशी थांबले, आत गेले नाहीत. मी ड्राइव्हवेवर उभं राहून मुलाला सगळं सांगितलं. नदीवर सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत, कारण आता माझं काय वाटतं ह्याला काही अर्थ नव्हता.

त्याने बोटांवर दिवस मोजले.

“सोमवारी?”

“सोमवारी.”

“पण मी शनिवारी दुकानात गेलो होतो.”

“गेला होतास. दुकानातून लागलं असेलही, कुणाला माहीत. पण लाइनवर तू पहिला नव्हतास. ती होती, आणि ते मी लपवलं.”

त्याने गॅरेजच्या भिंतीला हात टेकला.

“चार महिने मला मॅकरेल म्हणतायत,” तो म्हणाला. “तुम्ही पण एकदा म्हणालात. स्मोकोच्या वेळी, चहा पिताना. सगळे हसले होते.”

मी ते विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो. त्याच्या लक्षात नसेल असं धरलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “म्हणालो होतो.”

तेवढ्यात त्याचं लक्ष काकांकडे गेलं. “बाबा, तुम्हाला माहीत होतं हे?”

“दुपारपासून.”

“दुपारपासून? मग फोन नाही का करायचा मला?”

“रेंज कुठे होती तिथे?” काका म्हणाले. “आणि फोन तुझ्या आईनेच वापरायचा असतो, कपाळ दाखवायला.”

मुलाच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला, आणि मग तो हसण्याचा राहिला नाही. तो चालत गेटपर्यंत गेला. चार महिन्यांत मी त्याला बाबांच्या इतक्या जवळ पाहिलं नव्हतं. हात लावू की नको असा तो उभा होता. काकांनीच त्याची बाही धरली आणि म्हणाले, “बूट काढायला मदत कर. सुजलेत पाय.” तो खाली बसला आणि एकेक गमबूट ओढून काढू लागला. काकांनी तोल सांभाळायला त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

मी तिथेच उभा होतो. खाली मान घालूनच तो म्हणाला, “सर, तुम्ही जा आता.”

सोमवारी मी लेखी दिलं. शिफ्टआधी सगळे जमतात तेव्हा लाइनसमोर उभं राहून सांगितलंही, दुसऱ्या कोणाचं नाव न घेता फक्त त्याचं घेऊन, की तो पहिला नव्हता आणि हे मला माहीत होतं. चौकशी झाली. नोकरी राहिली, सुपरवायझरची जागा गेली, आणि मला दुपारच्या शिफ्टला टाकलं. आता मी दारात उभा राहत नाही, दारात उभा असलेला दुसरा कुणीतरी मला प्रश्न विचारतो. आमच्या शिफ्टा बदलताना तो आणि मी लॉकर रूममध्ये समोरासमोर येतो. तो मान हलवतो. गॅरेजमधली गादी त्याने उचलली, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

नव्या वर्षात परतीच्या विमानात काकांना जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“बाबा विचारतायत, पुणेकर येणार का एअरपोर्टला.”

“तुला चालेल?” मी विचारलं.

“नाही, सर. मला अजून नाही चालणार. पण ते विचारत होते म्हणून सांगितलं.”

“मग नको,” मी म्हणालो. “त्यांना माझा नमस्कार सांग.”

“सांगतो,” तो म्हणाला, आणि त्याने तो सांगितला असणार. त्या मुलाचं तसं आहे.